संदर्भ हवा

आडबंदरच्या बर्फाच्या कारखान्यात रात्री दोन वाजता
कॉम्प्रेसरचा आवाज इतका मुरलेला असतो
की तो बंद पडला तरच ऐकू येतो.
ट्रॉलर पहाटे लागतील. लाद्यांचा हिशेब झालेला असतो.
मग मी ज्ञानकोश झाडायला घेतो.
पगार नाही. कुणी नेमलेलं नाही.
परसातला पाला काढायला कोण माणूस नेमतं?

रोज काही असतंच:
पुतण्याने लिहिलेलं सरपंचकाकांचं चरित्र,
अजून पाया न खणलेल्या रिसॉर्टचे दर,
"जगातला सर्वांत गोड हापूस आमच्याच वाडीचा."
या वाक्याशी खाजगीत माझं भांडण नाही,
वाडी माझीच.
तरी काढलं.

खरं असून भागत नाही, तपासता यायला हवं.
हे ऐकून माणसं दुखावतात.
जयू म्हणाली, म्हणजे माझी आई तुमच्या कोशात बसत नाही?
नाही बसत. तिच्या कुळथाच्या पिठीवर कुणी दोन ओळी छापल्या नाहीत.
मग छापा की.
मी छापणारा नव्हे गं. छापलेलं वाचून सांगणारा.
त्या रात्री पिठी अळणी होती.

मार्चमध्ये कुणीतरी लेख टाकला: म्हाताऱ्याचा दात.
सहा ओळी. खाडीच्या तोंडाशी बुडता खडक,
भरतीला गुप्त, सुकतीला काळा ठिपका.
देवळाचा कळस आणि हमीदभाईंचा माड
एका रेषेत आले की व्हडी डावीकडे घ्यावी.
नाव दिलं नव्हतं, पण "व्हडी" वरून ओळखला:
तांडेलांचा नातू, निहाल, गणितात दोनदा राहिलेला.

नकाशे पाहिले. जुन्या गॅझेटियरच्या धुरकट पानांत दोन रात्री घालवल्या.
तिथे मीठ आहे, जकात आहे, ताडाची झाडंसुद्धा मोजलेली.
दात नाही.
"संदर्भ हवा" अशी पाटी लावून सात दिवस थांबलो.
उत्तर एकच आलं:
"संदर्भ – आमचे आजोबा."

काढला लेख.

आता ते दुसरं, जे मी जयूलाही सांगितलेलं नाही.
अकरा वर्षांपूर्वी, नवखा असताना, मी लिहिलं
की आमचा धक्का १८७१ साली बांधला.
कुठून आणलं एकाहत्तर? सलूनमध्ये ऐकलं.
कदाचित चौऱ्याहत्तर ऐकलं असेल.
ते एका पुरवणीने उचललं,
पुरवणीवरून पंचायतीने फलक केला, ग्रॅनाइटचा,
फलकावरून चौथीच्या पोरांनी निबंध.
गेल्या साली मीच ती ओळ खोडली.
तासाभरात नागपूरच्या कुणा सज्जनाने ती परत आणली:
"वृत्तपत्राचा संदर्भ आहे. कृपया मजकूर काढू नये."
मी कळवलं, हे मीच रचलं होतं.
त्याने अदबीने विचारलं,
याला काही संदर्भ?

त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

पहाटे तांडेल स्वतः आले. वीस लाद्या. नोटा ओल्या.
"झील सांगी होतो, तू दात काडलंस."
मी नियम सांगू लागलो. त्यांनी पुरता ऐकून घेतला,
बर्फ फुटायचा थांबेपर्यंत.
"बरा केलंस," म्हणाले.
"डावी ती भायर जाताना. येताना उजवी.
पोरान लिवल्यानच नाय.
आणि हमीदभायचो माड गेल्या वादळात पडलो,
आता मोबायलचो टावर धरूचो."

मी हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं.
तारीख घातली. वेळ घातली. सांगणाऱ्याचं नाव.
हे कुठल्याच कोशात चालणार नाही, मला माहीत होतं.
पेन थंडीने उठत नव्हतं, काखेत धरून गरम केलं.

तांडेल वाकून बघत होते.
"आणि उधाणाक ह्या कायएक चलना नाय.
ता पण लिव."