सोमवारची तयारी

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवार.
बेसो म्हणाला, आधी कागदावर मांड सगळं, माक्वाला,
नाहीतर माणसं कॉफी पीत बसतात
आणि उजेड निघून जातो.

मी बिलबुक उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
उजेड, रिओनीकडच्या खिडकीतून, साडेनऊ ते अकरा.
त्यानंतर समोरच्या बँकेची काच
ऊन उचलून आमच्या भिंतीवर फेकते
आणि कुताइसीतल्या कुणाचेही केस तांबूस दिसतात,
रंगाचे पैसे न देता.

मॉडेल तीन हवेत.
थेओना, माझी भाची. कुरळे.
तिला सांगायचं, आदल्या रात्री नको धुऊस,
ताजे धुतलेले केस कुणाचं ऐकत नाहीत.
बेकरीतला लेवानी. मानेवरचा उतार मशीनने,
कल्ले वस्तऱ्याने.
त्याच्या कानामागे कायम पीठ असतं.
बेसो म्हणतो, राहू दे, छान दिसतं.
मी म्हणते, जाहिरात बेकरीची आहे का?
तिसरी जागा मोकळी.

फुटका ड्रायर आत ठेवायचा.
कॅलेंडर काढायचं, खिळा राहील, त्यावर काहीतरी टांगायचं.
फरशीवर केस? थोडे. बेसो म्हणतो, थोडे हवेत.
बावीस वर्षं झाडते आहे मी ही फरशी,
आणि आता मुद्दाम टाकायचे, ओंजळीने, बेताने,
जेवणावर मीठ भुरभुरावं तसे.

मग आरसे.
पाच आरसे, आणि पाचांतही बेसो,
तिपायीसकट, पोटासकट.
कुठेही उभा राहिला तरी तोच.
रविवारी संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून
गिऱ्हाइकांच्या अंगावर टाकतो ती काळी कापडं
आम्ही आरशांवर टाकली, चिमट्यांनी अडकवली.
दार अर्धं उघडं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

वरच्या मजल्यावरची झुझुना आत आली
तीच मुळी गालावर हात ठेवून.
कोण गेलं?
बेसोच्या तोंडात चार चिमटे होते.
थेओना जिन्याखाली वायर शोधत होती.
आणि मला काय विचारलंय तेच कळेना.
तुझी आई? ती तर बातुमीला, ठणठणीत.
मग भाऊ? तेमुरी? देवा, पोरगी तर नाही ना?
एकेक नाव घेऊन तिने माझं अख्खं घर मारलं
आणि खुर्चीत बसून रडायलाही लागली.

कुणी नाही गं, फोटो आहेत उद्या.
ती बराच वेळ कापडांकडे बघत राहिली.
म्हणाली, चाळीस दिवसांनी काढायचं असतं.
माझ्या घरी काढायचं राहून गेलं.
किती दिवस?
वालेरी गेला त्याला अकरा वर्षं झाली.

तेव्हा मला तिच्या केसांचा उलगडा झाला.
जिन्यात रोज दिसायचे,
एका बाजूला दोन बोटं आखूड,
मला वाटायचं, कंजूषपणा.
चाचपून कापायची ती, स्वयंपाकघरातल्या कात्रीने.

मी पाणी कोमट केलं.
धुताना तिने डोळे मिटले नाहीत, छताकडे बघत विचारलं,
तिथे ओल आली आहे, माहीत आहे का तुला?
कापून झाल्यावर बेसोने कॅमेऱ्याला हात घातला.
ती म्हणाली, तोंडाचा नको.
तोंडाचा फोटो थडग्यावर लावतात, तो घाईचा नाही.
मग मागून?
मागून काढ. मागचं माझं मीच कधी बघितलं नाही.

छोट्या पडद्यावर तिने बघितलं.
चष्मा लावला, परत बघितलं.
ही तर आईची मान, म्हणाली,
आणि रुमाल न बांधता वर गेली.

रात्री बिलबुकात भर घातली:
झुझुना, पाठमोरी, दहा वाजता.
खिडकीजवळचा आरसा उघडा ठेवायचा.
बेसो दिसला तर दिसला.
छताची ओल, प्लंबरला फोन.
लेवानीच्या पिठाचं अजून ठरलेलं नाही.