निळ्याला नऊ आठवडे

शोरूममधला मुलगा, वैरागडे त्याचं नाव,
माझ्याशीच बोलतो. ग्राउंड क्लिअरन्स, सर. बूट स्पेस, सर.
गाडी विशाखा चालवते हे तिनं त्याला दोनदा सांगून झालं.
तिसऱ्यांदा ती सांगत नाही,
चावी मागून घेते.

मला मधलं तेवढं दिसतं,
बांगडीतून पाहावं तसं,
आणि बांगडी दर वर्षी एक माप लहान होते.
म्हणून गाड्या मी हातानं बघतो.

छोटीचं दार हलकं, डब्याच्या झाकणासारखं.
बसताना पडल्यागत होतं, उतरताना कुणाचा तरी हात लागतो.
उंचीवालीत ओट्यावर टेकावं तसं टेकता येतं,
आणि दार लागतं
सभ्य माणसानं विषय बदलावा तसं.
वैरागडे म्हणतो, वरून रस्ता किती छान दिसतो बघा सर.
विशाखा खोकते.
मी म्हणतो, हो, छान दिसतो.

त्रिमूर्तीनगरच्या आमच्या पार्किंगमध्ये
खांब आणि बोंद्रेंची बुलेट, मध्ये सात फूट दोन इंच.
रविवारी टेप मी धरला, आकडा तिनं वाचला.
उंच गाडी मावते, फक्त डावं दार पुरतं उघडत नाही.
"तू गेटपाशीच उतरून जात जा ना," ती म्हणाली होती.
म्हणजे निम्मं तेव्हाच ठरलं होतं.

कारण तिची कंबर.
रोज बुटीबोरी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर, चौदा वर्षं.
मे महिन्यात, कूलर समोर घोंघावत असताना
ती पाठीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपते.

आधी छोटी फिरवून पाहिली. मग उंच.
आमच्या घराकडंच घे, म्हटलं.

सिंचन खात्यात मी पंचवीस वर्षं नकाशे काढले.
आता एकच उरलाय, बसल्या जागी काढलेला.
छत्रपती चौकातून वळलो की एक गचका.
खामल्याला सिमेंटचे सांधे, टक, टक, टक,
भाजीवाल्यांपाशी तुटतात, मग पुन्हा लागतात.
प्रतापनगरात शाळेचा जोडब्रेकर.
त्यापुढं कुणीतरी आपल्या मनानं घातलेला,
ज्यावर जुन्या गाडीचं पोट घासतं.
मग दोन साधे, आणि घर.

उंच गाडीत यातलं काहीच आलं नाही.
वर्धा रोडवर पुलाची सावली
दंडावरून ओल्या पट्टीसारखी गेली, तेवढीच खूण.
"खामला आला का?"
"अरे, कधीचा गेला न बाप्पा."
तिचा आवाज इतका मोकळा होता
की मी पुढचं विचारलं नाही.
माझा नकाशा आणि तिचं दुखणं
एकाच खड्ड्यातून येतात.

"उंच घे," मी म्हटलं.
"नक्की?"
"पायांना बरी पडते."
पाय माझे ठणठणीत आहेत.

पांढरी उद्यासुद्धा मिळेल, वैरागडे म्हणाला,
निळ्याला मात्र नऊ आठवडे.
निळी, मी लगेच म्हटलं.
विशाखा वळली असावी, खुर्ची करकरली.
"काहून? तुला तर निळा अन् काळा सारखाच."
"असू दे. निळी."
तिनं सही केली. मला वाटलं, जिंकलो काहीतरी.

परतताना जुनी गाडी.
सीट तापून पापडासारखी.
वळणाचा गचका: आलो.
टक, टक, टक. भाजीवाले. पुन्हा टक, टक.
मी मनात एकेक जागा लावून घेत होतो,
आवडत्या माणसांची हजेरी घ्यावी तसा.
जोडब्रेकरवर
तिनं श्वास आत ओढला आणि तिथंच धरून ठेवला.
चौदा वर्षांत हा आवाज मी कधी मोजला नव्हता.
नऊ आठवडे. आठवड्याचे सहा दिवस. जाऊन-येऊन.

पोट घासलं.

"वैरागडेला फोन लाव," मी म्हटलं. "पांढरी चालेल."
ती काहीच बोलली नाही. गिअर बदलला.
घर अजून दोन ब्रेकर लांब होतं.