बेचाळीस इंच

जेवणघर आणि धुलाईघर यांच्यामधला बोळ,
तीच आमच्या निवृत्तांच्या वसाहतीची गॅलरी.
डुलूथमध्ये एप्रिलपर्यंत बर्फ; बाहेर सरोवर पांढरंफटक,
म्हणून भिंतीवर निळा रंग जरा जास्तच.

मी व्हर्ना लाह्ती. जन्मभर टपाल वाटलं,
आता खिळे ठोकते.

पहिल्या प्रदर्शनात चित्रं टांगली
उभ्या माणसाच्या नजरेला.
ऑर्विल चाकाच्या खुर्चीतून म्हणाला,
"छान आहेत हं, चौकटींचे तळ."
त्या रात्री सगळे खिळे उपसले,
भोकं टूथपेस्टने बुजवली, मॅनेजरला सांगू नका,
आणि नवी रेघ मारली: जमिनीपासून बेचाळीस इंच.

चित्र विकलं की कोपऱ्यात लाल टिकली लावतात.
पाकीट अजून भरलेलंच आहे.
एक टिकली लागली, इंगाच्या हेरिंग माशाला:
चौदा डॉलर, गिऱ्हाईक आमचाच आचारी.

रविवारी मुलं येतात. उंच, घाईतली, कोट न काढता.
काल ऑर्विलचा मुलगा
बापाचं चित्र बघायला कमरेत वाकला,
मग गुडघ्यावर टेकला,
आणि तसाच राहिला.
चित्रात काही नाही हो. एक गॅरेज,
दार अर्धं वर,
आत सायकलचं एकच चाक.

चादरींची गाडी घेऊन येत होते मी.
दुसऱ्या वाटेने वळवली.