तीन वाजल्यानंतरचा हिरवा

आईचा एक नियम होता:
दुपारी तीननंतर या खोलीत दोरा निवडायचा नाही.
ब्लाउजपीस खांद्यावर, रिळांचा डबा काखेत,
ती गच्चीवर जायची
आणि उन्हात एकेक रीळ कापडाला लावून बघायची.

कारण समोर बाकलीवालांची भिंत होती, पोपटी,
मल्हारगंजातल्या त्या बोळात जेमतेम सहा हातांवर.
तीनला ऊन आमच्या छपरावरून उडी मारून तिच्यावर आदळायचं
आणि परत येताना थोडी भिंत घेऊन यायचं.
छत हिरवट.
मशीनचं चाक, तांब्याची कड, आईचे दंड,
सगळं कैरीच्या सालासारखं.

पुढे मी हेच शिकले. याचाच पगार मिळतो मला,
नसलेल्या खोलीत खरा उजेड पाडण्याचा.
गंमत अशी, की आम्ही दिव्यापासून निघत नाही.
डोळ्यापासून निघतो, उलटे.
डोळ्यातून चाकाकडे, चाकावरून छताकडे, छतावरून भिंतीकडे,
पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखे
दर दारात विचारत, की
इथे जो आला तो कुठून आला होता,
सूर्य सापडेपर्यंत.
सगळ्यांच्या मागे जायला वेळ नसतो.
काही टप्प्यांनंतर फासे टाकतो.
जे मरतात ते मरतात.
जे उरतात त्यांच्या अंगावर मेलेल्यांचं वजन चढवावं लागतं,
नाहीतर हिशेब चुकतो, खोली काळवंडते.
हे वर्गात सांगताना
मागच्या बाकावरचं कोणीतरी दरवर्षी हसतं.

मग निगमवाले आले,
लाल रंगाने भिंतीवर लिहून गेले: सव्वाअकरा फूट.
बाकलीवाल बायपासकडे राहायला गेले.
जेसीबी दोन दिवस चालला.
तिसऱ्या दिवशी तीन वाजता
खिडकीतून नुसतं आभाळ आत आलं, कोरं,
कशालाही न शिवलेलं.
आई तरी डबा घेऊन गच्चीवर गेली.
अजून जाते.

ढिगाऱ्यातून मी एक टवका उचलला होता,
बोटाच्या पेराएवढा.
वर पोपटी, खाली कुठल्याशा लग्नातला निळा, त्याखाली चुना.
तो लॅबमध्ये नेला, सगळ्या कोनांतून दिव्याखाली धरला,
कुठून किती परत देतो ते मांडलं.
मग पडद्यावर खोली बांधली.
पहिल्या रात्री नुसता रवा.
रव्यात काजवे. आम्ही त्यांना काजवेच म्हणतो,
चुकून भलताच उजेड वाट्याला आलेले ठिपके.
रवा निम्मा करायचा तर काम चौपट.
तोही निम्मा करायचा तर पुन्हा चौपट.
रात्रभर मशीनचा पंखा घरघरत राहिला.
"काय गं," आई अंथरुणातून म्हणाली,
"एवढ्या उजेडाचं काय करून राहिली तू?"

पाचव्या पहाटे छत हिरवं झालं.

तिला खुर्चीवर बसवलं.
तिने चष्मा पदराने पुसला, लावला,
बराच वेळ काही बोलली नाही.
मला वाटलं, जमलं.

"हा गुरुवार नाही ना?"

म्हटलं, यात वार नसतो गं.

"गुरुवारी त्यांच्या चादरी वाळत असायच्या, भिंतभर.
त्या दिवशी खोली पांढरी.
गुरुवारी मी दोरा इथेच निवडायचे."

गुरुवारी मी शाळेत असायचे,
मग कॉलेजात, मग हैदराबादेत.

किती चादरी, विचारलं.
दोन डबल, एक पोराची.
"पोराच्या चादरीला गुलाबी किनार होती.
ते गुलाबी इथवर यायचं बघ,"
आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं,
छताच्या डाव्या कोपऱ्यात,
जिथे माझ्याकडे अजून रवा होता.