कारणाचा रकाना

हजेरीपटात शेवटचा रकाना कारणाचा.
करंगळीएवढा.
मासेरूच्या कचेरीत बसून ज्यानं तो आखला
त्याला वाटलं असावं, कारणं बारीक असतात.

पहिल्या वर्षी मी लिहीत गेले :
पुत्सोआ – मेंढ्या.
लिकेलेदी – आई आजारी.
सेखोबे – बूट.
बूट, एवढंच मावलं.
डावा फाटला,
शाळेच्या वाटेत ओढा दोनदा आडवा येतो,
जूनमध्ये त्याच्या काठावर बर्फाची साय धरते,
आणि उजवा होता तो धाकट्याच्या पायात गेला –
हे कुठे लिहू?

पुत्सोआ पाचवीत. भागाकारात माझ्याही पुढे.
बाप खाणीतून घरी आला तो छातीत धूळ भरून,
पेन्शनचे कागद मागेच राहिले सीमेपलीकडे.
मग न्ताते रामाखुलांच्या मेंढ्या राखायचं ठरलं :
वर्षाला बारा मेंढ्या, एक घोंगडी, एक जोडी गमबूट.
करार तोंडी.
पोराचं वयही बाराच.
गावात कुणी हळहळलं नाही,
म्हणाले, पोरगं हाताशी आलं.

आमच्याकडे असं, की मुली पटावर टिकतात,
मुलगे डोंगरावर जातात.
मुलींची पाळी नंतर येते,
हायस्कूलच्या फीचा आकडा ऐकला की
त्या खाली कारखान्यात जातात,
दुसऱ्या देशातल्या मुलांच्या जीन्सना खिसे लावतात.

साहेब आले घोड्यावरून. अहवालात लिहिलं : गळती.
मी वर पाहिलं.
छपराची असती तर खाली पातेलं ठेवलं असतं.

फॉर्मवर उपायांसाठी मात्र अर्धं पान.
ते कोरं धाडलं, आणि सुट्टीत
उसन्या तट्टावर बसून वर गेले, चार तास,
जिथे दगडाच्या गोल खोपटात पोरं राहतात
आणि शेकोटीला शेण जळतं.
पुत्सोआ ओळखीचं हसला नाही.
कळपाकडे बघत म्हणाला,
'एक मेंढी हरवली तर माझ्या बारातली एक कापतात, मे.
मी हरवलो तेव्हा कुणाचं काय कापलं?'

परतीच्या उतारावर तट्टू दोनदा घसरलं.
मी काही बोलले नाही, त्यालाही नाही.

मग घंटा हलवली.
सोमवारी आणि गुरुवारी,
मेंढ्या कोंडल्यावर, खालच्या खोपटात,
एक सौरदिवा, एक पातेलं पापा, वर घेवडा.
खरं सांगायचं तर आधी ती घेवड्यासाठी आली.
येवोत.
रामाखुला कुरकुरले : अक्षरं शिकून लोकर वाढते का?
त्या मोसमात कातरणीच्या गोदामात
पुत्सोआनं काट्यावरचा आकडा वाचला, मग पावतीवरचा.
सात किलोंचा फरक.
म्हातारा पुढच्या गुरुवारी स्वतः रॉकेलचा डबा घेऊन आला,
दिवा सौर आहे हे त्याला सांगायला
कुणाचा धीर झाला नाही.

सगळे आले नाहीत.
सेखोबेला मी दोन नवे बूट नेऊन दिले, एकाच मापाचे,
तर तो सीमा ओलांडून गेला होता.
बूट अजून कपाटात आहेत.
लिकेलेदीची फी चर्चनं भरली, एका वर्षाची.
पुढच्या वर्षाचं मला माहीत नाही,
तिलाही नाही, तरी ती वह्यांना कव्हरं घालते.

आता माझ्याकडे दुसरा पट आहे, घरी आखलेला.
कारणाच्या रकान्यात माझा पूर्ण पंजा मावतो.
काल वारा होता. दहा जण आले.
पुत्सोआ अपूर्णांकाच्या दुसऱ्याच ओळीवर
घोंगडीसकट कलंडला,
हातात खडू तसाच.
कुत्र्यानं त्याच्या पायावर हनुवटी टेकली.

मी लिहिलं :
झोपला. हजर.