आधी वरचं

लाइट बिलाच्या पुढच्या अंगाला कन्नड,
पाठीमागं माझं मराठी:
कौलं. वाशांची वाळवी. वायरिंग. मोरीची गळती.
पडवीचा रंग. मधलं दार.
आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात,
ओटा. उभ्यानं भाकरी थापायचा.

भिशीचे साठ हजार,
फॉल-पिकोचे अकरा हजार चारशे.
वडगावातल्या ह्या मागवाल्याच्या घराला
एवढ्यात नुसतं न्हाऊ घालता येईल, दीर म्हणाले.
त्यांच्या मते आधी पडवी रंगवावी,
येणारा-जाणारा पडवीच बघतो.
खरं आहे.
येणारा-जाणारा रात्री इथं झोपत नाही.

ईराप्पा गवंड्यानं यादी वाचली नाही.
शिडी लावली, आढ्याजवळ गेला,
वाशात स्क्रूड्रायव्हर खुपसला.
तो मुठीपर्यंत आत गेला,
भिजल्या बिस्किटात जावा तसा.
वरूनच ओरडला, “मदल म्याग, आम्याल केळग!”
आधी वरचं, मग खालचं.
सत्तावीस वर्षांत ह्या घरात
इतकं स्वच्छ मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग खोडायला बसले.
मृगाला चोवीस दिवस. कौलं आणि वासे यादीत राहिले.
इम्तियाजनं मीटरबोर्ड उघडून नुसता वास घेतला,
वायरिंग राहिलं, पण अर्धंच,
स्वैपाकघर नि मधल्या खोलीपुरतं.
मोरीला सिमेंट मीच लिंपीन.
रंग थांबतो, रंगाला काय होतंय?
दार थांबतं.
ओट्याजवळ पेन जरा अडलं.
गुडघ्यांना विचारलं नाही.

जांबोटीकडच्या एका पाडलेल्या शाळेची
तीनशे कौलं आली, आठ रुपयाला एक.
एकावर कुत्र्याचं पाऊल,
माती ओली असताना उमटलेलं, भट्टीत भाजून पक्कं झालेलं.
ते ईराप्पानं बरोबर माझ्या चुलीवरच्या ओळीत बसवलं.
का म्हणून विचारलं तर म्हणाला,
“राखण ऱ्हाऊ दे की वो.”

यादीत नसलेलं एक काम मात्र फुकटात झालं.
मागाचा खड्डा,
ज्यात सासऱ्यांचे पाय दिवसभर असायचे
आणि नंतर नुसतीच आमची अडगळ,
तो फुटक्या कौलांनी काठोकाठ भरला.
रात्री त्यावरून चालले.
पाय आपोआप वळसा घालून गेला.

उरले तीनशे दहा.
मधलं दार आहे तसंच:
लावताना जरा उचलायचं,
खालून डाव्या पायाचा टेकू द्यायचा.
पाहुण्यांना जमत नाही, आम्हाला कळतही नाही.
परवा फोनवर रवळूची बायको हसत होती,
“पुण्यातल्या फ्लॅटचं कोरं दार, आई,
हे उचलूनच लावतात.”

मीही हसले. यादी घडी घालून ठेवताना
पुढचं अंग वर आलं.
बिल भरायचंच राहिलं होतं.