चिल्लर

आर्वीत, जिनिंगच्या वरच्या खोलीत
रोज सकाळी आम्ही उभ्यानं बोलतो, पंधरा मिनिटं.
खालून सरकीचा वास.

बग निघाला की डब्यात दहा रुपये,
स्प्रिंट वेळेत संपला की भिंतीवर चांदणी:
घोडमारे सरांचा नियम.
दोन महिन्यांत डबा वाजेनासा झाला.
सर खूश.
बग कोडातच होते, मुकाट;
आम्ही फक्त सांगणं सोडलं.

लाइन गेलेल्या रात्री
प्रणोती मडावी एकटीच बसली, बॅटरी सात टक्के.
"खरांगण्याच्या सिस्टरले आकडाच दिसे ना,
जुना फोन हाय तिचा."

सकाळी सरांनी चांदणी दिली.
तिनं ती इन्व्हर्टरला चिकटवली,
डबा उपडा केला:
"च्या सांगा, सगळ्यायचा होते."

चहा येईस्तोवर
लोणारेनं आपणहून तीन बग सांगितले.